पुसलेला गोल

टेंभुर्णी, गुरुवार, संध्याकाळ

आज गणितात दोन मार्क गेले. उणे चिन्ह खालच्या ओळीत उतरवायचं राहिलं, बस.

क्लासमधे सरांचा नियमच आहे. शेवटची पाच मिनिटं शेजारणीसोबत पेपर बदलायचे. चूक दिसली की पेन्सिलनं गोल करायचा, सुधारायचं जिचं तिनं. शीतल माझी पाचवीपासूनची मैत्रीण. तिच्या पेपरवर मी तीन गोल केले. माझा तिनं कोराच परत दिला. पहिली तीच आली, माझ्यापेक्षा एका मार्कानं.

"मला दिसलंच न्हाई गं," म्हणली. मी मानलं पण.

आत्ता पेपर उजेडात तिरपा धरला. त्या उण्याच्या जागी पुसट गोल आहे. म्हणजे दिसलं होतं. मंग खोडला का?

तपासता तपासता तिनं खोडरबर मागितला होता. मीच दिला.