फोर्चेलाच्या देवळातली आमच्या घराची खुंटी

मी, लोरिस क्रायगेरो, आई कै. इल्व्हा क्रायगेरो, वय वर्षे पंचवीस, मूळ राहणार त्राव्हेस, फोर्चेला घाटाच्या पायथ्याशी, हल्ली मुक्काम एस्बियर्ग, डेन्मार्क, धंदा दोरावर लटकून पवनचक्क्यांची पाती घासणे व रंगवणे, आज रोजी पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता हा कागद लिहून ठेवतो. प्यायलेलो नाही. कामावरच्या प्रेबेनने समोर एक बाटली ठेवली आहे, ती सह्या झाल्यावरच उघडायची ठरली आहे. शाळा मी आठवीत सोडली. तेव्हा कायद्याची भाषा जिथे घसरेल तिथे माझा अर्थ धरावा, शब्द धरून बसू नये.

आपल्या गावची रीतच आहे की जो कामाला दरीबाहेर जातो त्याने दर वर्षी आपला कागद लिहायचा, आणि सप्टेंबरातल्या सायकल-चढाईच्या रविवारी, डेअरीच्या अंगणात जेवणं उरकली की, तो त्याच्यादेखत सगळ्यांना वाचून दाखवायचा. "मेल्यावर वाचला तर भांडायला माणूस कुठून आणायचा?" असं नीव्हेस मामी म्हणते. म्हणून हाही तिनेच वाचावा. तिचा आवाज खणखणीत आहे आणि ती मधे रडत नाही. मी समोर बसलेलो असेन. दुइलिओ मामा टेबलाच्या टोकाला बसलेला असेल आणि मक्याच्या पोलेंटाच्या रिकाम्या ताटात बघत असेल, कारण ईस्टरपासून तो माझ्याशी बोललेला नाही.

याआधीचे माझे सगळे कागद रद्द समजावेत.

कलम पहिले. घर माझं नाही, जमीन नाही. बँकेत जे काही निघेल ते सगळं मामीचं. त्यातून तिने डेअरीचं छप्पर दुरुस्त करू नये, आधी स्वतःचे दात बसवून घ्यावेत. मामी, हे वाक्य गाळू नकोस, मला तुझी सवय माहीत आहे.

कलम दुसरे. दोर, पट्टे, हेल्मेट हे कंपनीचं, त्यावर माझा हक्क नाही. पान्यांचा जुडगा मात्र माझा. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनला बाकीच्या पोरांना घड्याळं मिळाली, मला मामाने हा जुडगा दिला. उदीनेत बेकरीत होतो, मग पलीकडे ऑस्ट्रियात कौलं चढवली, मग जहाजं रंगवली, एका जागी माझं बूड कधी टिकलं नाही, पण हा जुडगा प्रत्येक खिशात टिकला. माझ्या मागे तो मामाकडे परत जावा.

कलम तिसरे, एर्मेसबद्दल. एर्मेस बारवाला. त्याला काही देत नाही. का, ते पुढे येईल.

कलम चौथे, हलकी सायकल. ही आज मामाच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर टांगलेली आहे. कारखान्यातून तयार आलेली नव्हे. एका हिवाळ्यात मामाने माझ्यासाठी तुकडा तुकडा जमवून बांधलेली. रात्री चीजला मीठ चोळून आला की हात धुवायचा आणि एक एक स्क्रू तळहातावर घेऊन तोलायचा. "हा जड आहे," म्हणायचा. डोळ्यांना सगळे सारखेच दिसायचे. पण डेअरीच्या काट्यावर टाकला की तो खरंच जड निघायचा. तयार झाली त्या दिवशी त्याने ती एका बोटावर उचलली आणि माझ्या बोटावर दिली. मला वाटलं, सांगाडा घेतलाय हातात, पक्ष्याचा, अजून ऊब असलेला.

त्याच्याही आधीचं एक सांगतो, कारण खुंटीचा प्रश्न त्यावर उभा आहे. आई गेली त्या उन्हाळ्यात मामाने मला पहाटे उठवलं आणि पहिल्यांदा फोर्चेलावर नेलं. तो चालवत होता, मी मागे बालसायकलवर, निम्म्या वाटेत ढकलत. शेवटच्या वळणावर ऊन आलं. खाली आमची अख्खी दरी धुक्याने भरली होती, दुधाच्या हंड्यासारखी, काठोकाठ. गाव नाही, घर नाही, दफनभूमी नाही. मी विचारलं, "मामा, आई याच्या खाली आहे की वर?" त्याने आपली सायकल देवळाच्या भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "मला माहीत नाही रे. म्हणून तर येतो इथे." मग त्याने देवळाचं दार उघडलं. आत मारियामाता, आणि चारी भिंतींवर सायकली. गावातल्या प्रत्येक घराची एक खुंटी. घरातलं माणूस गेलं, किंवा त्याने सायकल कायमची सोडली, की त्याची सायकल त्या खुंटीवर जायची, आणि एकदा चढलेली खाली यायची नाही. आईला सायकल नव्हती, आमची खुंटी रिकामी होती. मला त्या रिकाम्या खुंटीचीच सगळ्यात जास्त भीती वाटली, आणि तिच्यावरून नजरही हलेना.

कलम पाचवे, दुसरी सायकल. एर्मेसचा हिशोब इथे आहे.

डेन्मार्कला आलो तेव्हा मी हलकीच घेऊन आलो होतो. डोंगरातलं पोरगं दुसरं काय आणणार? पहिल्या सुट्टीला समुद्राच्या बांधावर गेलो. रस्ता टेबलासारखा सपाट, चढ बोटभर नाही, आणि मी जीव खाऊन पाय मारतोय तरी पुढे सरकत नाहीये. मागून प्रेबेन आला. हा माझ्या जोडीला दोरावर असतो, साठीचा, हँडलला धुरावलेल्या माशांची पिशवी. थांबून म्हणाला, "काय शोधतोयस?"

"डोंगर," मी चिडून म्हणालो.

"अरे, त्यावरच तर आहेस! आमचा डोंगर दिसत नाही एवढंच. आणि रोज बाजू बदलतो."

दुसऱ्या दिवशी मी पात्यावर लटकलो होतो. खाली समुद्र, हाताखाली ते पातं, आपल्या चर्चपासून पुलापर्यंत पुरेल एवढं लांब. पुढची कड जाड, गोल; मागची सुरीसारखी. मी पुढच्या कडेला तळहात लावला आणि तो न दिसणारा डोंगर माझ्या हाताला लागला. वारा येत होता, दुभंगत होता, आणि मागे गपचूप परत एक होत होता. कुठे आवाज नाही, कुठे ओढाताण नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीला कोणीतरी एवढ्या हळूच वाट करून दिली होती. मी ब्रश हातात धरून किती वेळ तसाच राहिलो कोण जाणे. वरून प्रेबेन ओरडला, "झोपलास काय रे?"

त्यानंतर एस्बियर्गच्या एका दुकानात मला त्याच आकाराच्या नळ्यांची सायकल दिसली. पुढून पातळ, बाजूने रुंद, चाकांच्या कडा वीतभर खोल. घेतली. पहिल्याच दिवशी बांधावर वारा तिरका आला आणि काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. चाकांनी वारा पकडला, शिडासारखा. कानातला गोंगाट खाली गेला. मी पाय मारतोय की कोणीतरी मला पुढे बोलावतंय हे कळेना. घाटावर आपण डोंगराकडून एक एक वळण हिसकावून घेतो. इथे काही हिसकावलं नाही, दिलं गेलं. मी सायकलवर रडलो. प्रेबेनला म्हणालो, डोळ्यांत वारा गेला. तो म्हणाला, "हो, आमच्याही जातो."

हलकी मी नाताळातच घरी ठेवून गेलो होतो; ही नवी घेऊन ईस्टरला घरी आलो. मामाच्या छातीचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला होता. मला ती त्यालाच दाखवायची होती. डेअरीच्या दारात काटा आहे. चढाईच्या दिवशी मामा प्रत्येकाची सायकल त्याच्या आकड्याला लावतो आणि वजन खडूने दारावर लिहितो. जड ती आधी सुटते, हलकी सगळ्यात शेवटी. आम्ही कुठलीही सायकल आधी आकड्याला लावतो, मग तिच्याकडे बघतो.

"हे काय रे? दरवाजा आणलास का कोणाचा?" मामा म्हणाला.

"सायकल आहे, मामा."

त्याने टांगली. काटा खाली गेला. सगळे जमले होते. मामाने तिच्या पोटाखालून हात फिरवला, जसा गोठ्यात फिरवतो, आणि जाहीर केलं, "गाभण आहे."

"मग वासरू कधी?" हा एर्मेस. त्या दिवसापासून त्याच्या बारमध्ये तिचं नाव गाभण. म्हणून त्याला काही नाही.

मी म्हणालो, "मामा, डॉक्टरबाईंनी सपाट रस्ता चालेल म्हटलंय. खालच्या नदीकाठच्या रस्त्यावर एकदाच बसून बघ."

"सपाटीवर चालवणं म्हणजे चालवणं नव्हे, पाव आणायला जाणं. आणि ऐक, फोर्चेला चढल्याशिवाय ही माझ्या दारातून आत यायची नाही."

पहाटेच्या बसने मी आणि गाभण परत निघालो. त्यानंतर मामीने फोन त्याच्या कानाला लावला तरी तो नुसता श्वास घेतो.

गेल्या आठवड्यात मामीने मला सांगितलं की यंदा संध्याकाळच्या प्रार्थनेला मामा आपली जुनी सायकल टेम्पोत घालून देवळात नेणार आहे. आमच्या खुंटीवर टांगायला. "मी संपलो, नीव्हेस," असं म्हणाला म्हणे. मामी फोनवर रडली. मी तिला रडताना पहिल्यांदा ऐकलं. तेव्हा पुढची कलमं मी तीन रात्री विचार करून लिहिली आहेत.

कलम सहावे. गाडीत एका माणसाला एकच सायकल नेता येते. मी यंदा गाभणला घेऊन येत आहे आणि तिच्यावरच चढाईला उतरणार आहे. म्हणजे हे तुम्ही ऐकत असाल तेव्हा ते झालेलं असेल: दारावरच्या खडूत मी सगळ्यात वर, सुटलो सगळ्यांच्या आधी, आणि पोचलो सगळ्यांच्या मागून. एर्मेसने वळणावर उभं राहून हंबरून घेतलं असेल. असू दे. ती चढलेली आहे. आता मामाच्या दारातून आत यायला तिला कोणाची हरकत राहिलेली नाही.

कलम सातवे. आपल्या रीतीप्रमाणे घराच्या खुंटीवर पहिला हक्क त्याचा, ज्याने ती वाचून दाखवलेल्या कागदात आपल्या नावे लिहिली. मामा कधी दरीबाहेर कामाला गेला नाही, त्याने कधी कागद लिहिला नाही. तेव्हा आज रोजी मी, लोरिस, आमच्या घराची फोर्चेलावरची खुंटी माझ्या हलक्या सायकलीसाठी राखून ठेवतो. मी मेल्यावर ती तिथे जावी. तोवर ती माझ्याबरोबर फिरेल, आणि तोवर खुंटी रिकामी राहील. त्यावर दुसऱ्या कोणाची कुठलीही सायकल टांगता येणार नाही. टेम्पो परत पाठवावा.

मामी, इथे थांब. मामा उठला असेल तर त्याला बसव. कागद संपलेला नाही.

कलम आठवे. हे एक कलम माझ्या मरणाची वाट बघणार नाही. वाचून होताच लागू. गाभण ही मी दुइलिओ मामाला देतो, कायमची, तिच्या वजनासकट. उंचीला आपण दोघं सारखे आहोत, तरी तुझी पाठ बघून सीट बोटभर खाली घेतली आहे. नदीकाठच्या रस्त्याला दुपारी खालून वारा येतो, तेव्हाच निघ. जाताना तो पाठीवर घे. पुलावर तो बाजूने येतो आणि खोल चाकं हिसका देतात, तिथे दोन्ही हात घट्ट ठेव. पूल उतरलास की रस्ता थोडा वळतो, वारा तिरका होतो. तिथे पाय जोरात मारू नकोस. काहीच करू नकोस. फक्त ऐक.

मी तेव्हा विचारलं होतं ना, आई खाली आहे की वर. मला अजूनही माहीत नाही, मामा. पण तिकडे, त्या सपाट रस्त्यावर, मला पहिल्यांदा वाटलं की ते कळायला चढावंच लागतं असं नाही.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचला, बरोबर आहे.

लोरिस क्रायगेरो

साक्षीदार: प्रेबेन ऑस्टरगार्ड. (मला यातलं अक्षर वाचता येत नाही. पण लोरिसने सगळं हातवारे करून सांगितलं, आणि सायकल मी स्वतः पुसून दिली.)

साक्षीदार: इंगर ऑस्टरगार्ड, प्रेबेनची बायको.

स्थळ: एस्बियर्ग. बुधवार, अकरा सप्टेंबर दोन हजार चोवीस.

ज्याला मिळाली त्याची सही, पुलापलीकडे जाऊन आल्यावर: ____________