विटांवरचं टेबल

३ फेब्रुवारी १९८६, लोहारा

करंगळी आज पुन्हा झोपली! आणि तिच्या शेजारचं बोटही. उजव्याच हाताचं.

सकाळी वायरलेस सेट लावला, धारवाडचे नागप्पा मास्तर लगेच मिळाले. थोडा वेळ मोर्सची की बरी चालली. मग ती दोन बोटं माझी राहिलीच नाहीत. टिंबाच्या जागी रेघ, रेघेच्या जागी काहीच नाही. मास्तरांनी तिकडून विचारलं, आज कीवर दुसरं कोण बसलंय का? आम्ही हॅमवाले, हौशी रेडिओवाले, एकमेकांना हातावरून ओळखतो. दोन वर्षांत मास्तरांचं तोंड पाहिलं नाही मी, पण हात झोपेतही ओळखीन. आणि त्यांना माझा हात परका वाटला!

दिवसभर गिरणीत तेच डोक्यात. जिनिंगला यंदा कापूसच नाही, सोसायटीवाले माणसं कमी करायचं बोलतायत. त्यात इलेक्ट्रिशियनचा हात गेला तर त्याला कोण ठेवतंय?

पण खरी भीती ही नाही. इथं तरी लिहितो. आबांचा धाकटा भाऊ, लिंबाजीकाका. त्यांचंही करंगळीपासूनच सुरू झालं. मग बोटं वाकली. मग शिवाराच्या कडेला खोपट बांधून दिलं, भाकरी लांबून ठेवायचे. एका उन्हाळ्यात ते उठून गेले ते गेलेच. महारोग. घ्या, लिहिला शब्द. पुन्हा लिहिणार नाही.

४ फेब्रुवारी

टेबलाचा दोष असेल. टेबलाचाच असणार!

हे टेबल सोसायटीच्या कॅशियरचं. उभ्यानं नोटा मोजायचं, म्हणून मुळातच उंच. सोसायटीनं जुनं सामान काढलं तेव्हा आबांनी हट्टानं घेतलं. वर आमच्या घरात वाळवी, म्हणून आणल्या दिवशीच चारी पायांखाली विटा दिल्या. सगळं गाव देतं — पेटीखाली, कणगीखाली, कपाटाखाली. कीवर बसलो की माझा खांदा कानाला लागतो, आणि कोपर टेबलाच्या धारेवर लोंबतं. आज मुद्दाम पाहिलं, कोपराच्या आत लाल वळ आहे.

म्हणजे ठरलं. बसायची जागा नीट करायची. बोटं परत आली तर दोष टेबलाचा. नाही आली तर —

६ फेब्रुवारी, गुरुवार

सरकारी दवाखान्यात त्या रोगाचं गुरुवारी तपासतात. गेलो होतो. मागच्या बाजूला वेगळा बाक आहे, त्यावर चौघं. त्यातला एक तहसीलमधला ओळखीचा शिपाई. त्यानं मान खाली घातली, मी त्याच्याआधी घातली. तसाच फिरलो आणि समोरच्या दुकानातून बाम घेऊन आलो. गाव एवढंसं! त्या बाकावर बसलेला माणूस संध्याकाळपर्यंत सगळ्या लोहाऱ्यात बसलेला असतो.

९ फेब्रुवारी

रविवार. विटा काढल्या. आबा दारात उभे.

"वाळवी खाईल की रं."

म्हटलं, खाऊ दे, पायांना डांबर लावतो. त्यांना ते पटलं नाही. टेबल खाली आलेलं त्यांना बघवतच नाही. बहात्तरच्या दुष्काळात ते खडी फोडायला होते. हजेरी घेणारा उंच टेबलामागं, हे खाली उकिडवे. "आपल्या घरातलं पयलं टेबल हाय, बलभीम," एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

रिसीव्हर डाव्या हाताला घेतला, त्याच्या पुढच्या अंगाला लाकडाची पाचर दिली, म्हणजे डायल बघायला मान वाकवावी लागत नाही. हेडफोनला खिळा ठोकला. की मात्र धारेपासून वीतभरच आत राहिली. अजून आत सरकवली तर हात पुरत नाही, टेबल अजून उंच आहे.

१० फेब्रुवारी

फरक नाही.

१३ फेब्रुवारी

टेबल खाली येत नाही तर माणूस वर जाऊ दे! त्याच विटा खुर्चीखाली घातल्या. बायको, द्वारका, हसत होती — "आता टेबलाची वाळवी तुमाला लागायची." बरं वाटलं जरा. खांदा कानापासून खाली आला.

उठलो तर दोन्ही पाय गायब! पोटरीपासून खाली काही नाही. पायातही उतरलं, संपलं, असं वाटून तिथंच जमिनीवर बसलो. मग मुंग्या आल्या, पाय परतले. लोंबकळत राहिल्यानं आखडले होते, दुसरं काही नाही. सुजाताला वाटलं बाप खेळतोय, ती पाठीवर चढली. चार वर्षांच्या पोरीला मी दोन्ही हातांनी बाजूला केलं. माझं तिला लागू नये म्हणून केलं. रडली.

पायाखाली आता पाट ठेवलाय.

१६ फेब्रुवारी

सेटची एक तार तुटली होती, तिला कथलाचा डाग देत होतो. जळका वास आला. रबर जळलं म्हणून शोधतोय — ती करंगळी होती! तापलेल्या कावियाला टेकलेली. मला कळलंसुद्धा नाही. फोड आलाय टपोरा. घरात सांगितलं, चहा सांडला.

१७ फेब्रुवारी

डोळे मिटून केरसुणीची काडी बोटांवरून फिरवतो. अंगठा कळतो. मधलं कळतं. पुढं अंदाज.

ताट-तांब्या वेगळा केला. निमित्त सांगितलं खोकल्याचं. खाट ओसरीवर टाकली.

२० फेब्रुवारी

आज फार वाईट बोललो.

टँकर यायचा होता, द्वारका घागरी मांडून परत आली. मी काडी फिरवत बसलेला. ती जवळ येऊन उभी राहिली, म्हणाली, "लिंबाजीकाकाला झालं त्याला आता औषध निघालंय म्हनं. दवाखान्यात गोळ्या देत्यात. खरं का हो?"

तिला संशय आला! आणि मग ओरडलो — ह्या घरात त्या रोगाचं नाव काढायचं नाही! पुन्हा काढलंस तर माहेरी नेऊन घालीन! असं मी तिला कधी बोललो नव्हतो. टँकरचा भोंगा झाला तशी गेली.

चूक माझी आहे. पण तिच्या तोंडून ते ऐकायची ताकद माझ्यात नाही.

२३ फेब्रुवारी

नळदुर्गहून शांतलिंग आप्पा आले, मीच कार्ड टाकलं होतं. हयात तारखात्यात गेली त्यांची. मला मोर्स त्यांनीच शिकवलं. विड्याचं पान चघळत म्हणाले, "बस. आणि वाजव." वाजवलं. दोन ओळीत थांबवलं त्यांनी.

"अरे, हात असा लटकावतोस व्हय? तारबाबूचा हात टेबलावर निजला पाहिजे. कोपरापासून पार पंजापर्यंत. हालतं ते नुसतं मनगट."

मी विचारलं, आप्पा, टेबलामुळं बोटं बधिर होतात का? म्हणाले, "आमच्यात किती जणांची झाली! धारेवर कोपर ठेवलं की शीर दबतीच." मी विचारलं, आणि परत येतात का? त्यांनी पान दुसऱ्या गालात घेतलं. "माझी आली. आमच्यातल्या महादूची न्हाय आली. त्याचं वेगळं निघालं." वेगळं म्हणजे काय ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

जाताना म्हणाले, टेबलाचे पाय काप, मोर्सची की हातभर आत घे. आणि खुर्चीखालच्या विटा काढ, पडून मरशील.

२४ फेब्रुवारी

आबा ऐकेनात. "पाय कापलेलं टेबल म्हंजी काय? चौरंग! मग भुईलाच बस की, माज्यावानी!" एवढे चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नाहीत. मीही चढलो. हा काय मानपान आहे काय, म्हटलं, माझा हात चाललाय!

जीभ चावली. पण निघून गेलं होतं.

आबांनी माझा हात धरला. करंगळीवरचा फोड बघितला. मग अगदी हळू विचारलं, "लिंबाजीवानी?"

मी म्हटलं, माहीत नाही.

ते उठून गेले. बराच वेळ आले नाहीत. आले ते सुताराची करवत घेऊन.

२६ फेब्रुवारी

कापलं. मापही आबांनीच घेतलं — खुर्चीखालच्या विटा काढून मला बसवलं, कोपर खाली सोडायला लावलं, आणि तिथपासून बोटं मोजत टेबलापर्यंत आले. प्रत्येक पाय चार बोटं. मी कापायचं, त्यांनी धरायचं. एक पाय जरा जास्तच गेला, टेबल डुगडुगायला लागलं. "बग, लंगडं झालं!" म्हणाले आणि स्वतःच त्या पायाखाली लाकडाची चपटी घातली.

द्वारकानं न सांगता जुन्या वाकळेची घडी शिवून दिली, धारेवर टाकायला. त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. घडी मात्र मऊ केलीय.

आता करण्यासारखं काही उरलं नाही. आता फक्त बघायचं.

२ मार्च

नाही.

५ मार्च

नाही. फोड मात्र वाळला. सकाळी सेट लावलाच नाही. कुणाशी बोलू? मास्तर पुन्हा विचारतील.

गुरुवारी त्या बाकावर जाऊन बसायचं, असं मनाशी म्हणतो. मग म्हणतो, अजून आठवडा. भित्रा आहे मी. गिरणीच्या खांबावर चढताना भीत नाही, आणि एका बाकाला भितो.

९ मार्च

करंगळीत मुंग्या! लिहायला बसलोय तर आताही आहेत. भास असेल.

११ मार्च

भास नाही. काडी कळली. डोळे मिटून, तीनदा फिरवून बघितली, तिन्ही वेळा कळली. चौथ्यांदा आबांना फिरवायला लावली. "हितं?" होय! "हितं?" होय! म्हाताऱ्यानं काडी टाकून दिली आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

टेबल! नुसतं टेबल होतं! चार विटा आणि चार बोटं लाकूड! सव्वा महिना मी त्यापायी जिवंत मेलो होतो.

१३ मार्च

सकाळी मास्तर मिळाले. हात टेबलावर निजवून वाजवलं. पहिल्याच ओळीला तिकडून आलं — बलभीम, कुठं होतास? नाव पाठवायच्या आधी! मी कीसमोर बसून मोठ्यानं हसलो. सुजाता आली, तिला मांडीवर घेतलं, तिचं बोट कीवर ठेवलं आणि तिच्याकडून एक टिंब धारवाडला पाठवलं.

खाट आत घेतली. ताट सगळ्यांबरोबर मांडलं. उद्या द्वारकाला सगळं सांगून टाकायचं आणि माफी मागायची.

१४ मार्च

सांगितलं. काकांचं, बाकाचं, ताट का वेगळं केलं त्याचं. म्हटलं, तुझ्यावर ओरडलो कारण तुला माझा संशय आला असं वाटलं. तिला हसू येईल असं वाटलं होतं.

ती म्हणाली, "तुमचा न्हवं हो." आणि पाठमोरी होऊन पदर काढला, चोळी खांद्यावरून खाली घेतली. खांद्याच्या खाली, तळव्याएवढा फिकट डाग. "दिवाळीपास्नं हाय. टोचलं तरी कळत न्हाय. त्या दिशी तेच सांगाय आलते."