एक कल्ला वर, एक खाली

१२ जून

चि. भाऊ यास,
अनेक आशीर्वाद, आणि सोबत थोडा राग.

‘धीर धरा’ असं लांबून लिहायला काय जातं? इथे येऊन धर. आपला धाकटा बटू मोटरसायकलवरून पडून गेला त्याला महिना झाला, बाबा अजून शब्द बोललेले नाहीत. रोज सलून उघडतात, बटूच्या खुर्चीवर टॉवेल टाकतात आणि गिऱ्हाइकांना परत पाठवतात. रडले असते तरी बरं.

आईचं भलतंच. येईल त्याला सांगते, बटूने हेल्मेट घातलं होतं, नशिबापुढे कुणाचं चालतं? ते ऐकलं की बाबा उठून आत जातात. मी टोकलं तर म्हणाली, गेलेल्याला नावं ठेवू नयेत. या घरात खरं बोलायची चोरी झाली आहे.

लोभ आहेच, सध्या वैताग जास्त आहे.
तुझी ताई

१८ जून

ती. ताईस,
सा. न. रागासकट आशीर्वाद पोचले.

मी आलो तर भांडेन, म्हणून येत नाही. मला बटूचा संताप येतो. हेल्मेट मीच घेऊन दिलं होतं. घालायचाच नाही. म्हणे, केस बसतात. कारागिराचं डोकं म्हणजे सलूनची पाटी. बाबा तेव्हा खो खो हसले होते. तेच आता त्यांना खात असणार, आणि आई त्यांच्यासाठीच खोटं बोलत असणार. पण त्या खोट्याने त्यांचा जीव आणखी गुदमरतोय.

हे आईला वाचून दाखव. रागावली तर माझ्यावर ढकल. शेंडेफळ गेलं, शिव्या खायला आता मीच उरलो.

माया कमी करू नकोस.
तुझा भाऊ

२७ जून

चि. भाऊस,
आईचे आशीर्वाद.

तुझं पत्र ऐकून दोन दिवस मी ताईशी बोलले नाही. काल शेजारीण आली. म्हणाली, चांगली माणसंच देवाला आवडतात. मी हेल्मेटचं सांगायला तोंड उघडलं आणि निघालं वेगळंच. म्हटलं, चांगला कसला, गाढव होता. डोक्यावरचा कोंबडा मोडेल म्हणून हेल्मेट घातलं नाही, आणि आम्ही दोघं त्यावर हसलो. ती चहा अर्धा टाकून गेली.

हे आतून आले. म्हणाले, कोंबडा नव्हता, तो मी आदल्या दिवशीच कापला होता. आणि हसायला लागले. हसता हसता इतके रडले की मला धरावं लागलं. मग मीही रडले.

आज यांनी बटूच्या खुर्चीत गिऱ्हाईक बसवलं. दीड महिन्याने कात्री धरली. एक कल्ला वर, एक खाली. गिऱ्हाईक बिचारं गप्प राहिलं, मी राहिले नाही. हे म्हणाले, मग कात्री तूच धर. भर दुकानात आम्ही कडाकडा भांडलो. फार बरं वाटलं.

तूही भांडायला ये.
तुझी आई