आईसाठी स्मार्ट केलेलं घर

१ जानेवारी, गुरुवार

डायरी कागदावर लिहितोय, यात लाजण्यासारखं काही नाही. डायरीची चार अ‍ॅप वापरून झाली. एकाने पैसे मागितले, दुसऱ्याने लोकेशन. तिसरं रोज संध्याकाळी ‘आज मूड कसा आहे’ विचारून असलेला मूड घालवायचं. चौथ्याचा पासवर्ड मी चौथ्यातच लिहून ठेवला होता. कंपनीची डायरी फुकट मिळते. बॅकअप म्हणून वापरायची.

यंदाचा संकल्प एकच. आईला गावाहून, मंद्रूपहून, जुळे सोलापुरातल्या माझ्या फ्लॅटमध्ये आणायचं आणि कायमचं ठेवून घ्यायचं. आबा गेल्यापासून ती धाकट्या युवराजकडे आहे. माझ्याकडे दोनदा आली आणि दोन्ही वेळा आठवडा व्हायच्या आत पिशवी भरून परत गेली. चूक तिची नव्हती, घराची होती. घर अपग्रेड नव्हतं.

तसा मी टॉवेल एक्स्पोर्टवाल्यांच्या ऑफिसात बिलिंग बघतो. पण प्रिंटर अडला, एक्सेल हँग झालं, साहेबांच्या मोबाइलमधले फोटो गायब झाले, की हाक मलाच. आयटी हेडच म्हणा ना. पगारात दिसत नाही एवढंच.

युवराजला फोन करून सांगून टाकलं, या वेळी आई परत येणार नाही. तो म्हणाला, बघू की. त्याचं हे ‘बघू की’ मला फार लागतं.

४ जानेवारी, रविवार

इन्स्टॉलेशन पूर्ण. दाराला फिंगरप्रिंट लॉक, हॉलमध्ये बोलणारा स्पीकर, कॅमेरा, आवाजावर लागणारे बल्ब. आईचे गुडघे दुखतात, बटणापर्यंतही जायला लागू नये.

इलेक्ट्रिशियन बोलावला नाही. मॅन्युअलही वाचलं नाही, ते माझं तत्त्व आहे. चांगलं प्रॉडक्ट न वाचता कळलं पाहिजे. दारातलं भोक जरा मोठं पडलं, ते एमसील लावून बुजवलं. लांबून दिसत नाही.

अपेक्षा म्हणाली, अहो, जुनी कडी तरी राहू द्या. तिला समजावलं की कडी ही मानसिकता आहे. ती शाळेत शिकवते, त्यामुळे तिला समजावून घ्यायची सवय नाही.

६ जानेवारी, मंगळवार

आई आली. सोबत जोंधळ्याचं पीठ, शेंगा, दोन लुगडी, आणि युवराजने दिलेलं गुडघ्याचं तेल.

चहा व्हायच्या आधीच तिचं बोट लॉकमध्ये रजिस्टर करायला घेतलं. लाल लाइट. पुसून ठेवलं, लाल. तेल लावून ठेवलं, लाल. दोन्ही हातांची सगळी बोटं झाली. आई म्हणाली, रेशनलाबी माझा अंगठा उठत न्हाय बाबा, खुरप्यानं आन भाकऱ्यांनी समदं पुसून गेलंय. मी म्हणालो, तसं काही नसतं, सेन्सर थंडीमुळे आळसावलाय. सोलापूरची थंडी म्हणजे काय हे आई जाणून आहे.

लॉकला रिव्ह्यू दिला. पाचपैकी चार स्टार. एक कापला, कारण आईला उभं राहून पाय दुखले.

७ जानेवारी, बुधवार

बोट नाही तर पिन. आई शाळेत गेली नाही, पण आकडे पक्के आहेत. चार आकडे दिले आणि पाठ करायला सांगितलं. तिने मनापासून पाठ केले. म्हणजे जिन्यात, गॅलरीत, तुळशीपुढे, सगळीकडे मोठ्याने.

संध्याकाळी तळमजल्यावरच्या सुंदरम्मांनी जिन्यात थांबवून मला माझाच पिन म्हणून दाखवला आणि विचारलं, बरोबर आहे ना. या बाई अक्कलकोटकडच्या. नवरा गेला, मुलगा बंगळुरूला. एकट्या राहतात आणि दार सकाळपासून उघडं, चप्पल आडवी लावून. सिक्युरिटीच्या दृष्टीने बिल्डिंगमधला सगळ्यात गचाळ फ्लॅट.

पिन ताबडतोब बदलला. यापुढे दर सोमवारी आपोआप बदलणार आणि आईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाणार. माणसाचा हात लागायलाच नको.

८ जानेवारी, गुरुवार

स्पीकरबाईची आणि आईची ओळख करून दिली. आई म्हणाली, बाई, जरा दिवा लाव की. बाई म्हणाल्या, माफ करा, मला समजलं नाही. आईने तीनदा सांगितलं, दर वेळी जास्त मायेने. शेवटी स्वतः उठून बटण दाबलं आणि मला हळूच म्हणाली, बिचारीला ऐकू येत न्हाय, कशाला तिला कामाला लावतोस.

ऋतुजा हसून लोळली. पोरगी सातवीत आहे, टेक्नॉलॉजीचं गांभीर्य नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

ऑफिसात प्रिंटर बंद. प्रिंटरबद्दल माझं स्पष्ट मत आहे. हे यंत्र कागद छापण्यासाठी नाही, माणसाची लायकी काढण्यासाठी बनवलेलं आहे. दुपारपर्यंत झटलो. शेवटी शिपायाने प्लग घट्ट बसवला. सॉफ्टवेअरचा भाग तोवर मी क्लिअर केलेला होताच.

मधल्या वेळात कॅमेरा लावून बघितलं. आई एकटी पलंगावर बसलेली, भिंतीकडे बघत. मी दुपारी ऑफिसात, अपेक्षा आणि ऋतुजा शाळेत. म्हणून कॅमेऱ्यातूनच बोललो, आई, जेवलीस का? ती दचकून उभी राहिली आणि आबांच्या फोटोला हात जोडले.

घरी गेलो तर कॅमेऱ्यावर टॉवेल. आमच्याच कंपनीचा, एक्स्पोर्ट क्वालिटी. काही दिसत नाही त्यातून.

१२ जानेवारी, सोमवार

किरकोळ इन्सिडेंट.

सकाळी आम्ही सगळे बाहेर पडल्यावर घंटागाडी आली. आई कचरा घेऊन खाली उतरली. दार मागे आपोआप लॉक झालं, जे त्याने व्हायलाच हवं. आई वर आली, पिन दाबला. पण सोमवार होता. पिन बदलला होता. नवीन पिन तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर वेळेत पोचला होता. मोबाइल आत चार्जिंगला.

आईने जुनाच पिन पुन्हापुन्हा दाबला. लॉकने तिला चोर ठरवून सायरन वाजवला. मला मोबाइलवर अलर्ट आला, मी मीटिंगमध्ये होतो, आणि खरं लिहायचं तर पहिली भावना अभिमानाची होती. मग लक्षात आलं की चोर आई आहे. फोन लावला. तो आत वाजला असणार.

ती पायरीवर बसून राहिली. सुंदरम्मा सायरन ऐकून वर आल्या आणि तिला खाली घेऊन गेल्या. जेवायला घातलं.

संध्याकाळी आईने नेहमीसारखी भाकरी वाढली. अपेक्षाच्या वतीने भांडी बोलत होती. मी उपाय केला. लॉक लांबूनही उघडतं, हे अ‍ॅपमध्ये आज सापडलं. आता आईने मला नुसता मिस्ड कॉल द्यायचा, मी ऑफिसातून दार उघडणार. मोबाइल गळ्यात अडकवायला दोरीही आणली. निळी.

१३ जानेवारी, मंगळवार. भोगी.

आईला लहानपणापासून सिद्धेश्वराची यात्रा फार. यंदा गर्दी नको, धूळ नको, गुडघ्यांना त्रास नको म्हणून हाफ डे टाकला आणि अक्षता सोहळ्याचं लाइव्ह टीव्हीवर लावायची व्यवस्था केली. सोफ्यावर उशी ठेवली. केबल नवी आणली.

घरी आलो तर आई नाही. सुंदरम्मांबरोबर रिक्षाने गेलेली. गुडघ्यांचं काय, विचारायलाही कोणी नव्हतं.

एकटाच टीव्हीपुढे बसलो. गोल गोल चक्र फिरत होतं. मध्येच चित्र यायचं, नंदीध्वज दिसायचे आणि गर्दी, की मी पुढे वाकून गर्दीत आईचं लुगडं शोधायचो. मग पुन्हा चक्र.

ती आली तेव्हा अंगावर अक्षता, नाकात धूळ आणि चेहरा इतका खूश की मला रागवायचं होतं ते राहून गेलं.

१७ जानेवारी, शनिवार

लॉकचा रिपोर्ट बघितला. आकडे उत्साहवर्धक. आम्ही निघालो की आई बाहेर पडते, आणि अपेक्षा शाळेतून यायच्या वेळी तिच्याबरोबर आत येते. मिस्ड कॉल एकही नाही, म्हणजे तक्रार शून्य. बाहेर राहण्याचा वेळ रोज वाढतोय. मागच्या दोन वेळी ती घरातून हलत नव्हती. शहरात रुळतेय.

युवराजला स्क्रीनशॉट पाठवला. त्याने अंगठा दाखवला. उठला त्याचा अंगठा, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना.

२० जानेवारी, मंगळवार

सर्दीमुळे दुपारीच घरी आलो. माझं कुरियर सुंदरम्मांकडे ठेवलं होतं, ते घ्यायला खाली गेलो.

दोघी जमिनीवर बसून शेंगा फोडत होत्या आणि कानडीत बोलत होत्या. आईचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, तिला कानडी येतं हे मला माहीत आहे. पण मंद्रूपला घरात तिच्याशी कानडी बोलणारं कोणी नव्हतं, आणि ती इतकी भराभरा बोलते, मध्येच डोळ्यांना पदर लावून हसते, हे मी कधी बघितलंच नव्हतं. मी दारात उभा. सुंदरम्मांनी बघितलं, बर्री, बर्री म्हणाल्या, म्हणजे या, या. आई हसायची थांबली आणि तिने घाईघाईने ती निळी दोरी गळ्यात घातली.

कुरियर घेतलं आणि वर आलो. त्यात रोबो झाडूवाला होता. बॉक्स उघडला नाही.

२१ जानेवारी, बुधवार

सर्दी. घरीच.

एक गोष्ट लिहून ठेवतो, कोण वाचणार आहे. मला आई घरात हवी आहे. युवराजला हरवायला नाही. म्हणजे थोडं त्यासाठीही. पण मी कॉलेजला म्हणून मंद्रूप सोडलं ते सोडलंच, तेव्हापासून आईच्या हातचं मी पाहुण्यासारखा सणावारी खाल्लं. युवराजने रोज खाल्लं. मला वाटायचं, एकदा माझं स्वतःचं घर झालं की तिला आणेन आणि मग सगळं भरून काढेन.

काल रात्रीच्या जेवणानंतर ती म्हणाली होती, आदी, बस की जरा हितं. मी म्हणालो, आलोच, टीव्हीचं अपडेट अर्ध्यावर आहे. अपडेट झाल्यावर बघितलं तर ती झोपली होती. अपडेटने टीव्हीत काय बदललं तेही मला कळलेलं नाही.

उद्यापासून रोज तिच्याजवळ बसायचं. रिमाइंडर लावला.

२४ जानेवारी, शनिवार

दोन दिवस ऑफिसात नवीन बिलिंग सॉफ्टवेअर. जुन्यात दोन क्लिकमध्ये होणारं काम यात सहा क्लिकमध्ये होतं आणि त्याला ते यूजर फ्रेंडली म्हणतात. उशीर झाला. रिमाइंडर वाजला, बंद केला.

उद्या युवराज येतोय. आई राहते का परत येते, ते तिलाच विचारतो म्हणाला. मी प्रेझेंटेशन बनवलंय. लॉकचा ग्राफ, यात्रेनंतरचा आईचा हसरा फोटो, शेवटच्या स्लाइडवर ‘आई आता सोलापूरकर’. अपेक्षाने बघितलं आणि म्हणाली, अहो, हे दाखवू नका. डिझाइन साधं आहे हे मलाही मान्य आहे.

२५ जानेवारी, रविवार

दाखवलं. युवराजने शांतपणे शेंगा खात बघितलं. ग्राफच्या वेळी आई म्हणाली, ही वर जाणारी रेघ माजी हाय व्हय. मी हो म्हणालो.

मग युवराजने विचारलं, आई, येतीस का ऱ्हातीस? आई म्हणाली, ऱ्हाती मी सोलापुरातच.

मी युवराजकडे बघितलं. आयुष्यात इतकं छान वाटलं नव्हतं.

आई पुढे म्हणाली, पर खाली, सुंदरम्माकडं. तिची एक खोली मोकळीच हाय, तिलाबी सोबत हुईल. मला वाटलं थट्टा करतेय. ती थट्टा करत नव्हती. म्हणाली, तुजं घर लई झ्याक हाय रे, पर हितं मला आत यायला सारखं इचारावं लागतंय.

मी म्हणालो, लॉक आत्ता काढतो, स्क्रूड्रायव्हर आणतो. ती म्हणाली, ऱ्हाऊ दे, तुजी हौस हाय ती. रागाने म्हणाली असती तर सोपं गेलं असतं. युवराज ‘बघ’ म्हणेल याची मी वाट बघत होतो. जाताना त्याने आईची पिशवी माझ्याऐवजी स्वतः उचलली आणि दोन मजले खाली नेऊन ठेवली.

२७ जानेवारी, मंगळवार

शांतपणे विचार केला. तांत्रिकदृष्ट्या संकल्प पूर्ण झालेला आहे. आई मंद्रूपला गेलेली नाही. ती जुळे सोलापुरात आहे, माझ्याच बिल्डिंगमध्ये आहे, माझ्या वायफायच्या रेंजमध्ये आहे. एक दांडी येते तिथे, मी तपासलं.

अंतर म्हणाल तर दोन मजले. युवराजपेक्षा मी कितीतरी जवळ आहे.

३१ जानेवारी, शनिवार

सात वाजता घरी आलो. लॉकने माझं बोट पहिल्या फटक्यात ओळखलं. दिवे आपोआप लागले. स्पीकरबाई म्हणाल्या, घरी स्वागत आहे. घरात कोणी नव्हतं. अपेक्षाची चिठ्ठी (आईला ती आत्या म्हणते): आत्यांकडे खाली आहोत, जेवायला या.

खाली गेलो. आई भाकरी थापत होती, ऋतुजा तिच्या मांडीला टेकून अभ्यास करत होती, अपेक्षा आणि सुंदरम्मा गप्पांत. मला बघून आई लगबगीने उठली. माझ्यासाठी सतरंजी टाकली. बाकी सगळ्या जमिनीवर. वाढताना दोनदा विचारलं, तिखट जास्त झालं का. भाकरीवर तूप घातलं, ते मी नको म्हणालो तरी घातलं. ऑफिस कसं चाललंय विचारलं. मी सांगितलं, बरं चाललंय.

हात धुतला, थोडा वेळ बसलो. वायफायची दांडी पुन्हा तपासली आणि उठलो. अपेक्षा म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, आम्ही येतो सावकाश.

आई दारापर्यंत आली. मंद्रूपला मी एसटीला निघालो की यायची, तशी. माझ्या शर्टावरचं पीठ की काय झटकलं आणि म्हणाली, येत जा की आदी अधनंमधनं.

बरं म्हणालो आणि दोन मजले चढून घरी आलो.