सातवा खांब आणि माझी मालमत्ता

थोरल्या बहिणीला आठवत असेल, लहानपणी एका दुपारी वडील दवाखान्याच्या रांगेत उभे होते आणि आम्ही दोघी बाहेर पायरीवर बसून एकाच पेन्सिलीला आळीपाळीने टोक काढत होतो. ती इमारत त्याआधी धान्याचे कोठार होती, पुढे वाचनालय झाली. आता तिथे मोकळी जागा आहे.

मी, नगरपालिकेची निवृत्त आरेखक, वय एकोणसत्तर, अविवाहित, हे राजीखुशीने लिहीत आहे. गुडघे गेले, डोके शाबूत आहे.

१. राहते घर बहिणीला. मागच्या भिंतीला ओल येते. भाचा म्हणतो, "पाडून टाकू, मावशी." आधी जाणत्याला दाखवावी.

२. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी वाचनालयाच्या त्या इमारतीच्या जीर्ण नकाशाची नक्कल केली. कागद पुरेना, म्हणून दोन तावांवर. अक्षर सुरेख, कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी घोटून घेतलेले. सातवा खांब नेमका जोडावर येत होता. पहिला ताव काढताना वाटले, दुसऱ्यावर येईल. दुसरा काढताना वाटले, पहिल्यावर झाला. तो कुठेच आला नाही.

पुढे छताच्या दुरुस्तीला गवंडी आला.

"बाई, मधला एक खांब नकाशात नाही."

"मग नंतर कोणीतरी उभा केला असेल."

"काढू म्हणता?"

"नकाशात नाही ना?"

"घरात बायको, गावात तुमचा नकाशा. वाद कोण घालणार?" तो हसत गेला.

मूळ नकाशा माझ्या पाठीमागच्या कपाटात होता. मी उठले नाही.

त्याने खांब काढला. छत पडले, त्याखाली चार माणसे गेली. चौकशीआधी मी सगळे कागद घरी आणले आणि 'नकाशा सापडत नाही' असे लिहून दिले. दोष गवंड्यावर आला; तो तुरुंगातच वारला. बहिणीला मी सांगितले होते. ती म्हणाली, "गप्प बस, नोकरी जाईल." ते मी विसरलेले नाही. तरी घर तिचेच.

३. बँकेतील सर्व ठेव गवंड्याच्या मुलीला. ही दया समजू नये.

४. वरील दुसरे कलम नगरपालिकेच्या सभेत मोठ्याने वाचावे.

५. मूळ नकाशा आणि दोन्ही ताव गवंड्याच्या मुलीच्या हातात द्यावेत, माझा देह घरातून हलवण्याआधी. तिला माझ्या तोंडावर काही बोलायचे असेल, तर कोणी अडवू नये.

सही: आरेखक
साक्षीदार: घरचे डॉक्टर, वाचनालयाचे जुने शिपाई
स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: अकरा फेब्रुवारी; छत पडले त्याला आज बावीस वर्षे