पहिल्या वहीतला कारकून

सोलापूर, गुरुवार

प्रिय मामा,

तुला जाऊन आठ महिने झाले. पत्र आजच का? कारण काल मामीनं तुझं कपाट उघडलं आणि तेरा वर्षं मला सलणारा काटा एका पानानं काढला. शिवाय रविवारी तुझा खेळ मी मांडणार आहे. पहिल्यांदाच!

मला शाळेत घालायच्या आधी तूच शिकवायचास, आठवतं? अंकलिपी बाजूला आणि तुझ्या खेळाची शंभर पानी वही पुढं. तू सूत्रधार होऊन गोष्ट सांगायचास; आई, दादा आणि मी त्यातलं एकेक पात्र व्हायचो. कुणी योद्धा, कुणी जादूगार. वार बसला की नाही ते फोडलेले चिंचोके ठरवायचे. किती पांढरे पडले ते मोजत मी बेरीज शिकले. ज्या इंग्रजी पुस्तकावरून तू खेळ बेतलास, त्यातला ड्रॅगन सोन्यावर बसायचा. तुझा दुष्काळी सांगोल्याचा ड्रॅगन पाण्याच्या टँकरवर!

आणि जखमींना बरं कोण करायचं? कारकून!

"मामा, कारकून काय लढाईला जातो व्हय?" दादा चिडवायचा.

"लढाई कुणी बी करतंय रं. राज्य कारकून चालवतो!" तू स्वतः कारकून, दुसरं काय म्हणणार! माझी भागाबाई कारकून जखमी योद्ध्याच्या कपाळावर शिक्का मारून ओरडायची, "जखम नामंजूर!" आणि जखम भरायची. तू किती हसायचास!

मग मी दहा वर्षांची झाले. इंग्रजी पुस्तकाची तुझी झेरॉक्स आणि डिक्शनरी घेऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा, चुकलास! क्लार्क नाही, क्लेरिक आहे. म्हणजे धर्मगुरू!" दादा पोट धरून हसला. तू हातातले चिंचोके खाली ठेवलेस. मग म्हणालास, "आमच्या मास्तरीणबाई म्हंत्यात म्हंजे बरोबरच असंल."

दिवाळीपर्यंत दुसरी वही तयार! त्यात पुजारी आला, पुण्याहून मागवलेला वीस बाजूंचा फासा आला, पानं भरून तक्ते आले. ड्रॅगन सोन्यावर जाऊन बसला. भागाबाई गेली. तिसरी वही तर तू छापूनच काढलीस. तिच्यात तक्ते नव्हते, पुजारीही नव्हता. औषध प्यायलं की कुणीही बरं!

मला वाटत राहिलं, मी तुला चारचौघांत लाजवलं आणि तेव्हापासून तू मला घाबरून वह्या सुधारतोयस. विचारलं का नाही? दवाखान्यात ओठांवर आलं होतं. पण मी विचारलं, "दुपारची गोळी घेतलीस का?"

काल कपाटात त्याच पुस्तकाची आणखी एक, मी कधी न पाहिलेली झेरॉक्स सापडली. 'क्लेरिक' शब्दाशेजारी तुझी निळी शाई: 'धर्मगुरू'. आणि खाली: 'आपल्याकडं नको. कारकून करू.'

मामीनं माझ्या खांद्यावरून वाचलं. "त्याला ठाऊक हुतं की! म्हणायचा, देवाचं नाव घिऊन बरं करणारी लई हायेत, आमच्या कारकुनाला कोण विचारतंय?"

"मग मला का नाही सांगितलं?"

"पोरीनं पयल्यांदा डिक्शनरी उघडून कायतरी शोधलं. त्यावर पाणी ओतायचं व्हय?"

मामा! तेरा वर्षं! एकदा तरी बोलायचंस की! मी तिथंच फरशीवर बसले, आधी हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू!

आठवडाभर तिन्ही वह्या शेजारी मांडून घोर लावून घेतला होता, यातला तुझा खरा खेळ कुठला? मामी म्हणते, तिसरी ऑफिसातल्या मित्रांसाठी होती. त्यांना जेवणाच्या सुट्टीत अर्ध्या तासात राक्षस मारायचा असे! म्हणजे समोर कोण बसलंय ते बघून तू खेळ बेतायचास. दुसऱ्या वहीत माझ्या डिक्शनरीसाठी जागा केलीस, एवढंच.

मग रविवारसाठी मी लिहितेय ती चौथी वही कुणासाठी? मामीसाठी. "इतकी वर्सं तुमाला च्याच देत आले. आता मी बी बसणार. पर तलवार नको बाई मला. शिक्का दे."

तेव्हा शब्द देते, मामा. चौथ्या वहीच्या पहिल्याच पानावर कारकून असेल. ड्रॅगन टँकरवर बसेल. चिंचोके मी आजच फोडून ठेवलेत. आणि रविवारी कुणी सगळ्यांसमोर माझी चूक काढली, ती चूक नसली तरी, तुझ्यासारखीच चिंचोके खाली ठेवीन आणि म्हणेन, बरोबरच असेल.

तुझी,
मास्तरीणबाई