एका कॉम्प्युटरात दोन ऑफिसं

२९ सप्टेंबर, सोमवार
शाळेच्या कॉम्प्युटरात आता दोन ऑफिसं, म्हणजे पत्रं लिहायचे, तक्ते आखायचे प्रोग्राम. जुनं विकतचं, मुदत संपलेलं. फाइल उघडून दाखवतं, पण एक अक्षर लिहू देत नाही. नवं फुकटचं, परवा एक माणूस येऊन टाकून गेला. दिसायला सख्खे भाऊ. बटणं तीच, फक्त जागा बदललेल्या, म्हणजे शोधत बसा. मुख्याध्यापक म्हणाले, "भाऊसाहेब, जुनं काढायचं नाही. वरच्या कार्यालयाला जुन्याच पद्धतीची फाइल लागते." म्हणजे लिहायचं नव्यात, ठेवायचं जुन्याच्या पद्धतीत. रोज काय लांबण लावायची, इथून पुढे जु. आणि न.
अठ्ठावीस वर्षं कारकुनी झाली. टाइपरायटर बरा होता. असो.

१ ऑक्टोबर
न. मध्ये सेव्ह केलं की दरवेळी विचारतं, जुन्या पद्धतीत ठेवू की माझ्या? दिवसातून चाळीस वेळा. घरात मला कुणी इतकं विचारत नाही.
डोळे दुखतात. पाठ पण.

६ ऑक्टोबर, सोमवार
वसतिगृहाची जादा यादी सुरू. दिवाळी झाली की साखरशेत, जामसरकडची कितीतरी घरं वीटभट्टीवर जातात, पोरं मागे आमच्याकडे ठेवतात. वरून मंजूर होतील तेवढ्याच पोरांना ताट आणि गादी. तेवीस नावं झाली. न. मध्ये आखलेला तक्ता जु. मध्ये उजवीकडे कलतो. सरळ केला की न. मध्ये डावीकडे. सोडून दिलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार
दुपारी साखरशेतचा लक्ष्मण आला, भाताची कापणी अर्धी टाकून. त्याची सुमन आमच्याच सहावीत, घरून चालत येते. गेल्या वर्षी भट्टीवर नेली होती. परत आली ती हाताला फोड घेऊन, आणि वर्गात सगळ्यांच्या मागे. "या वर्साला नाय नेयाची. तिचा नाव घाला भाऊसाहेब." घातलं, चोविसावं. त्याचा विश्वास बसेना. "दाखवा." दाखवलं. जुळवून जुळवून वाचलं त्याने, नावावर बोट ठेवलं. "हां. आता मुकादमाला सांगतूं, आमी दोघाच येव."
त्याला चहा पाजायचा म्हणून घाईने सेव्ह केलं आणि उठलो.

१३ ऑक्टोबर, सोमवार
यादी गेली. मु.अ.नी स्वतः पाठवली. सुटलो एकदाचा. दिवाळीत खोडाळ्याला घरी. नागली काढायची आहे, तिथे तरी बटणं नाहीत.

२८ ऑक्टोबर, मंगळवार
मंजूर यादी आली. तेवीस. सुमन नाही.
आधी वरच्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग आपलीच फाइल बघायला गेलो. एकाच नावाच्या दोन. एक जु.च्या पद्धतीतली, तेवीस नावं. दुसरी न.ची, तिच्यात चोवीस. त्या दिवशी न.ने विचारलं आणि मी न वाचता "माझ्या पद्धतीत" दाबलं. जुनी होती तशीच राहिली, मु.अ.नी नेहमीप्रमाणे जु. मध्ये उघडून पाहिली आणि तीच पाठवली. त्यांचं काही चुकलं नाही.
कॉम्प्युटरचं पण नाही. चूक माझी.

२९ ऑक्टोबर, बुधवार
मु.अ. म्हणाले, "पुरवणी यादी पाठवा. पण एका नावासाठी आता कोण हलणार?" पाठवली. जु. मध्ये बघून, न. मध्ये बघून, परत जु. मध्ये बघून. वरच्या कार्यालयात फोन केला. "बघतो."
शाळा सुटल्यावर साखरशेतला गेलो. लक्ष्मणला तोंडावर सांगितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "मी बोट ठेवला व्हता ना? तवा व्हता ना नाव?" होतं, म्हणालो. बायको म्हणाली, "मंग गेला कुठं?"
दोन ऑफिसांचं तिला काय सांगायचं... फार लाज वाटली. इतकी कधी वाटली नव्हती.
मुकादमाचा टेम्पो शनिवारी.

१ नोव्हेंबर, शनिवार
वरून काही नाही.
टेम्पो सकाळी शाळेच्या फाटकाशी थांबला. भांडी, गोधड्या, कोंबड्या, माणसं. लक्ष्मण उतरला, सुमनला उतरवलं, तिची पत्र्याची पेटी उतरवली. "तुमच्या शब्दावर ठेवतूं पोरीला." मी शब्द दिला नव्हता. पण पेटी मीच उचलून आत घेतली. आईने टेम्पोतून उतरून तिच्या वेणीची रिबीन परत बांधली. ती आधीच नीट होती.
मु.अ. भडकले. "तपासणीत एक पोर जास्त निघालं तर? जाब कोण देणार?" म्हणालो, मी. "लेखी द्या." हाताने लिहून दिलं, सही केली. त्यांनी वाचलं, खणात ठेवलं. हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. नोकरीची दोन वर्षं उरलीत. घरी सांगितलेलं नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार
मंजुरी नाही. वरचे साहेब मिटिंगला. सुमनला मुलींच्या खोलीत जागा देता येत नाही, झोपते स्वयंपाकाच्या मावशींकडे. मावशी म्हणाल्या, "ती कपडे धुते, वाळले का परत पेटीत भरते. कुलूप लावते. जशी काय निघायचीच हाय."

६ नोव्हेंबर, गुरुवार
फोन लागला. "पुरवणी यादी मिळाली आहे, वर ठेवली आहे." कुठे वर, विचारायचं राहिलं.
सोमवारी तपासणी येते म्हणतात. मु.अ. माझ्याशी कामापुरतंच बोलतात.
जेवणाच्या घंटेला सुमन ऑफिसच्या दारात. "भाऊसाहेब, पेटी उघडून ठेवू का आता?"
उद्या सांगतो, म्हणालो. काल पण हेच म्हणालो होतो.